दोन सूर्य, एक सावली

"चूक! साफ चूक! रेडिओ चालू होता!"

पडद्यापलीकडून हा आवाज आला, तेव्हा माझ्या हातात गुडघेवाल्या काकूंचा पाय होता आणि तोंडी कॅप्टनची वकिली चालली होती. दोन्ही जागच्या जागी थांबलं.

मी फिजिओथेरपिस्ट. आमचा दवाखाना म्हणजे एक लांबलचक हॉल, ओळीनं मांडलेली टेबलं आणि मधे फिकट निळे पडदे. पडदे फक्त डोळ्यांपुरते... कानांना इथे कसलीच आडकाठी नाही. तिकडच्या टोकाला कुणी उसासा टाकला, तरी इकडच्या टोकाहून "काय झालं हो?" अशी चौकशी होते. आणि इथे माणसांना नावं नसतात, सांधे असतात. म्हणजे कागदावर नावं असतात, पण आम्ही आपलं 'कंबर आली का?', 'मान आज येणार नाहीये', 'त्या घोट्याला जरा थांबायला सांग' असंच बोलतो. पेशंटही एकमेकांना तशीच हाक मारतात आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

तर त्या दिवशी शनिवार होता, म्हणजे 'शेवटचा तळ'वर तोंडसुख घेण्याचा दिवस. ही मालिका दर शुक्रवारी येते आणि आख्खा दवाखाना ती बघतो. दूरचा एक ग्रह, त्याला दोन सूर्य, तिथे माणसांचा एक एवढासा तळ. कॅप्टन बाई आहे — ताठ, देखणी, कमी बोलणारी. आणि काचघरात भोपळे पिकवणारा एक शास्त्रज्ञ आहे, त्याला सगळे माळी म्हणतात. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे, पण कुणी बोलेल तर शपथ! आदल्या दिवशीच्या भागात तळावरची हवा संपत आली होती. मदत आणायला यान न्यायचं, तर इंधन एकाच माणसापुरतं. माळी आपल्याला जाऊ देणार नाही, हे ओळखून कॅप्टन पहाटे कुणाला न सांगता एकटीच निघून गेली. माळी काचघरात हातात भोपळा घेऊन आकाशाकडे बघत राहिला... मी तर उशी भिजवली.

"तिनं बरोबरच केलं," मी शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला सांगत होते. ही माझ्यासोबतच काम करते आणि तिच्या पोटात काही म्हणता काही राहत नाही, म्हणून तिचं नाव भोंगा. "सांगितलं असतं, तर त्या बिचाऱ्याच्या जिवाला घोर. हो म्हणावं तरी त्रास, नाही म्हणावं तरी त्रास. त्यापेक्षा न सांगता जाणं, यात खरं प्रेम आहे."

आणि तेव्हाच तो आवाज आला.

मी पडदा सर्रकन बाजूला केला. टेबलावर एक तरुण उजव्या खांद्यावर शेकपिशवी घेऊन, लोकरीच्या गाठोड्यासारखा गुंडाळून पडला होता. हलायची सोय नव्हती, पण डोळे मात्र फुल्ल भांडणाच्या पवित्र्यात.

"तुम्ही कोण?" मी विचारलं.

"खांदा," तो म्हणाला. पहिलाच दिवस, पण इथली पद्धत बरोबर उचललेली. "माफ करा, मधे बोललो. पण हा अन्याय मला ऐकवेना. यान उडाल्यावर पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवा दिवा दिसतो. रेडिओचा. म्हणजे रेडिओ चालू होता. एक वाक्य बोलायला काय जात होतं तिचं?"

"तुम्ही हिरवे दिवे बघत बसता? माणसं रडत असताना?"

"दिवेच बघतो. पोट आहे त्यावर." तो हसला, आणि हसताना खांदा दुखल्यामुळे एक डोळा आपोआप मिटला... "नाट्यगृहात प्रकाशयोजना करतो मी. शिडीवरून पडलो."

"अगं बाई!" गुडघेवाल्या काकू उठून बसल्या. "पुढे सांगा ना, रेडिओचं."

खरं तर तो भोंग्याचा पेशंट होता. पण भोंगा तो भाग रविवारी बघणार होती. "या दोघांनी मिळून माझ्या मालिकेचा पार भुगा केला!" असं हॉलभर ओरडून तिनं कानांवर हात ठेवले आणि खांदा माझ्या गळ्यात मारला. मी तिला आजही त्याबद्दल काही बोलत नाही.

*

खांद्याचं दुखणं चिवट असतं. शिडीवरून पडलेल्या माणसाला आम्ही पुन्हा शिडीच देतो — भिंतीवर लाकडी पट्ट्यांची एक शिडी असते, तिच्यावर बोटं एकेक पायरी चढवायची. हात हळूहळू वर जातो. जिथे दुखेल तिथे थांबायचं, श्वास सोडायचा, पुढची पायरी.

"ही शिडी बरी," तो पहिल्या दिवशी म्हणाला. "इथून पडलं तर फक्त अब्रू जाते."

दर खेपेला तो मालिकेतलं नवं भगदाड घेऊन यायचा. हा शब्द त्याचाच. कथेत जिथे काही जुळत नाही, तिथे भगदाड. डॉक्टरीण बाहेरच्या विषारी हवेत टोप न घालता धावली — भगदाड. तळावर पाणी मोजून मिळतं, आणि भोपळे मात्र टरटरून फुगलेले — मोठं भगदाड. मी एकेक बुजवायचे. डॉक्टरीण श्वास रोखून धावली! भोपळ्यांना मोरीचं पाणी! हरला की तो एक फेरी जास्त चढायचा, मी हरले की मला मोठ्यानं "दिग्दर्शक चुकला" म्हणावं लागायचं. कंबर, मान, घोटा, सगळे पंच. गुडघेवाल्या काकू तर सर्रास त्याच्या बाजूनं निकाल द्यायच्या.

पण त्याचं सगळ्यात लाडकं भगदाड वेगळंच होतं.

"सूर्य किती आहेत त्या ग्रहावर?" एकदा त्यानं विचारलं. बाहेर पाऊस पडत होता, काचेवर थेंब एकमेकांचा पाठलाग करत उतरत होते आणि त्याची बोटं मधल्या पायरीवर टेकली होती.

"दोन."

"मग माणसाच्या सावल्या किती पडायला हव्यात?"

मी बोटांवर मोजायला लागले...

"दोन!" त्याचा चेहरा असा उजळला, जणू तो ग्रह त्यानंच शोधला होता. "प्रत्येकाला दोन-दोन. पण दिग्दर्शकानं पहिल्या भागापासून सगळ्यांना एकेकच सावली दिलीय. एवढा खर्च केला, यान बांधलं, आणि बाहेर एक दिवा जास्तीचा लावायला कंजुषी! मला तर झोप लागत नाही."

"दिग्दर्शक चुकला," मी मोठ्यानं म्हणाले. पडद्यांमागून टाळ्या आल्या.

त्या दिवशी घरी जाताना रस्त्यावरच्या दिव्यांखाली मी माझ्या सावल्या मोजत गेले. एक दिवा मागे पडला की एक पुढे सरकायची, दुसरा जवळ आला की दुसरी मागे फुटायची. रोज त्याच रस्त्यानं जाते मी. कधी लक्षच गेलं नव्हतं... आणि मग लक्षात आलं, की मी एकटीच हसतेय.

हळूहळू मला त्याच्या कामाचीही माहिती होत गेली. नाट्यगृहाच्या पार मागे, उंचावर त्याची खोली असते. रंगमंचाच्या विंगेत एक हेडफोन लटकलेला असतो. त्यातून बोललं, की थेट त्याच्या कानात. "नाटक चालू असताना शेकडो माणसं अंधारात बसलेली असतात," तो म्हणाला, "पण मला वाटतं, आख्ख्या जगात दोघंच आहोत. मी आणि तो आवाज."

"कुणाचा आवाज?" मी उगीच विचारलं.

"मॅनेजरकाकांचा. त्यांना सर्दी असते कायम." तो गंभीरपणे म्हणाला आणि मी त्याला फेरी न हरताच एक फेरी जास्त चढायला लावली.

तो मला कॅप्टन म्हणू लागला, मी त्याला माळीबुवा. मला तो आवडायला लागला होता, हे मी स्वतःला स्पष्ट सांगून टाकलं. पण आमच्या मोठ्या मॅडमचा एक नियम आहे — 'टेबलावर आहे तोवर पेशंट, टेबलावरून उतरला की माणूस.' तेव्हा मी आपली पेशंटच्या हाताचा कोन मोजायचे, आणि मनातल्या मनात तो माणूस व्हायची वाट बघायचे.

मात्र एक विचित्र गोष्ट होती. हात कानाच्या जवळ येऊन थांबायचा. अगदी थोडक्यासाठी. वरच्या दोनच पायऱ्या राहायच्या आणि त्याचा चेहरा असा पिळवटायचा, की मीच म्हणायचे, "राहू दे आज." इतर कुणाचा खांदा असता, तर मी पहिल्याच दिवशी चोरी पकडली असती.

*

मग तो फोन आला.

समुद्राकाठच्या एका मोठ्या शहरात, मोठ्या हॉस्पिटलात, फक्त हातांसाठी वेगळा विभाग होता. बोटं, मनगट, कोपर, खांदा... यंत्रात सापडलेले हात, जन्मतः वळलेले हात. शिकत होते तेव्हापासून मला तिथे काम करायचं होतं. कधीतरी अर्ज केला होता आणि विसरूनही गेले होते. "पहिल्या तारखेपासून याल का?" त्यांनी विचारलं. मी वाक्य संपायच्या आत 'हो' म्हणून बसले.

फोन ठेवल्यावर आधी मी जागेवर उडी मारली. मग खांदा आठवला.

त्याला सांगायचं का? सांगून काय होणार... 'जाऊ नका' म्हणाला, तर माझा पाय निघणार नाही. आणि 'जा' म्हणाला, तर त्याहून वाईट. त्याचं सगळं काम इथलं, नाट्यगृह इथलं. त्याला कशाला पेचात टाका? खांदा बरा होईल, मालिका संपेल, तो हसत-हसत निघून जाईल. आपणही हसत-हसत जावं. मोठ्या मॅडमना सांगितलं, आत्याला सांगितलं, भोंग्याला शपथ घालून सांगितलं. त्याला नाही.

मला वाटत होतं, मी मोठं मन दाखवतेय.

*

शेवटून दुसरा भाग झाला आणि शनिवारी दवाखान्यात जणू रणांगण. त्या भागात माळ्यानं वाट बघून-बघून, चिडून, रेडिओचं बटण बंद केलं होतं. तो हिरवा दिवा विझला होता!

"बघा तुमचा माळीबुवा," मी हातात कोनमापक घेऊन फणकारले. "आता ती बिचारी तिकडून हाका मारेल आणि याचा रेडिओ बंद. इतके दिवस तिला नावं ठेवत होतात ना?"

"रागावलाय तो! माणूस आहे!"

"रागावून काय मिळवलं?"

"अहो, वाट पाहिली त्यानं! रोज त्या टेकडीवर जाऊन उभा राहिला. दोन्ही सूर्य डोक्यावर, घशाला कोरड, आणि हा येडा आकाशाकडे बघून खुणा करतोय, असा — असा हात करून —"

आणि त्यानं हात वर केला. उजवा. सरळ, ताठ, कानाला चिकटून थेट छताकडे. वर पंजासुद्धा हलवला.

त्यानं हळूच मान वळवून स्वतःच्या हाताकडे पाहिलं. हात वरच होता. खाली आणावा की राहू द्यावा, हे त्याला कळेना. भिंतीवरच्या शिडीची शेवटची पायरी त्याच्या कोपराच्या पातळीत होती.

"भगदाड," घोटा पडद्यामागून पुटपुटला.

"कधीपासून?" मी विचारलं. आवाज कडक ठेवायचा होता, पण तो भलतीकडेच वळत होता.

"झाले काही दिवस..." त्याचे कान लाल झाले. "म्हटलं, मालिका संपेपर्यंत तरी... बरा झालो असतो तर यायला कारण राहिलं नसतं ना."

काकूंनी टाळी वाजवली. मी हसू दाबायला खाली बघितलं आणि कोनमापक उगीच मिटून खिशात ठेवलं. एवढ्या वर्षांत माझ्याकडे बरे होण्यासाठी धडपडणारेच आले. बरं न होण्यासाठी असा कुणी घाम गाळला नव्हता.

मोठ्या मॅडम त्यांच्या खोलीतून बाहेर आल्या, त्यांनी त्याचा हात एकदा वरखाली केला आणि म्हणाल्या, "खांदा बरा. उतरा टेबलावरून."

तो उतरला. माझ्यासमोर उभा राहिला. त्याच्याकडे बघायला मला मान वर करावी लागली.

"येत्या शुक्रवारी चार वाजता शेवटचा भाग आहे," तो म्हणाला. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "नाट्यगृह दुपारी रिकामं असतं. याल का तिथे? एकत्र बघू. पेशंट म्हणून नाही..."

हो म्हणायला मी श्वास घेतला. तेवढ्यात —

"अय्या, म्हणजे जायच्या आधी जमेल तुला!" भोंगा आनंदानं चीत्कारली आणि लगेच तिनं जीभ चावली. पण भोंगा वाजायचा तो वाजला होता.

"कुठे जायच्या आधी?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. समुद्राकाठचं शहर, हातांचा विभाग, पहिली तारीख. सगळं खाली बघून सांगितलं. बोलता बोलता मलाच जाणवत होतं, की हे सांगायला मला कितीतरी शनिवार मिळाले होते.

"अभिनंदन," तो म्हणाला. खरंच मनापासून म्हणाला आणि तेच जास्त लागलं. मग त्यानं खुर्चीवरचा शर्ट उचलला. दारापाशी थांबला.

"रेडिओ चालू होता, कॅप्टन," तो हळूच म्हणाला आणि बऱ्या झालेल्या हातानं दार उघडून निघून गेला.

*

आत्या आणि मी, घरात आम्ही दोघीच. ती कपडे शिवते आणि मशीनवर पाय चालवत मालिका बघते. आठवडाभर मी घुम्यासारखी बसलेली पाहून तिनं शेवटी दोरा दातानं तोडला आणि मशीन थांबवलं.

"काय गं, खांदा आठवतोय?"

भोंगा आत्यालाही फोन करते, हे मी विसरलेच होते.

"मी त्याच्याच भल्यासाठी नाही सांगितलं, आत्या. त्याला पेच नको म्हणून."

"तुझी ती कॅप्टन आहे ना," आत्या सुईत दोरा ओवत म्हणाली, "गुणाची पोर आहे. धाडसी आहे. पण आगाऊ आहे. प्रश्न हिचा, तो स्वतःशीच विचारते. आणि उत्तर त्या माळ्याचं, तेही हीच देऊन मोकळी. मग तो मेला तिथे उभा कशाला आहे, भोपळा धरायला?"

मी जमिनीवर पडलेला दोऱ्याचा तुकडा उचलून बोटाला गुंडाळत बसले.

"जायचं तर तू जाच," ती म्हणाली. "नाही गेलीस तर मीच घराबाहेर काढीन. पण विचारून जा. नाही म्हणाला तर रडू. मी आहे ना इथे."

*

शुक्रवारी दुपारी नाट्यगृहाचं बाजूचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत गारवा होता, लाकडाचा आणि जुन्या मखमलीचा वास होता. रंगमंचावर नुसता एक बाक आणि एक खोटी खिडकी. समोर रिकाम्या खुर्च्यांचा अंधार आणि त्या अंधाराच्या टोकाला, उंचावर एक लहानशी काच, तिच्यामागे मिणमिणता उजेड. तो होता.

हाक मारली असती तर आवाज पोचला असता कदाचित. पण विंगेत तो हेडफोन लटकत होता. मी डोक्यावर चढवला.

"हॅलो... तळ, ऐकू येतंय का? कॅप्टन बोलतेय."

नुसती खरखर.

"तळ... रागावलाय का?"

खरखर.

"रेडिओ बंद केला असेल, तर निदान तसं सांगा."

मग कानात, अगदी जवळ —

"भगदाड आहे. बंद रेडिओ उत्तर कसं देणार?"

मला एकदम हसू आणि रडू दोन्ही आलं. मी विंगेचा पडदा मुठीत घट्ट धरला.

"दिग्दर्शक चुकला," मी म्हटलं. "म्हणजे मी चुकले. मला वाटलं, न सांगणं म्हणजे मोठं मन. ते घाबरणं होतं. तुम्ही काय म्हणाल, याची भीती वाटत होती मला. आता ऐका. मी जाणार आहे. ते ठरलंय, ते मी विचारत नाहीये. पण मला तुम्ही आवडता. खांदा बरा नव्हता तेव्हापासून आवडता आणि तुम्ही टेबलावर होतात म्हणून बोलता येत नव्हतं. तर... मी गेल्यावर आपलं काय करायचं? माझ्याकडे तुमचं उत्तर तयार नाहीये. खरंच नाहीये."

माझ्याच श्वासाचा आवाज मला हेडफोनमध्ये ऐकू येत होता.

"तिथे नाट्यगृह आहे?" त्यानं विचारलं.

"आहे. किनाऱ्यापासून जवळच. मोठं आहे, नुकतंच रंगवलंय, आणि त्यांना दिवेवाले लागतातच म्हणे नेहमी..."

"तुम्ही चौकशी करून ठेवलीत?"

मी जीभ चावली. भोंग्याची सवय लागली होती.

"सहज," मी म्हटलं.

"सहज!" तो हसला. ते हसू कानातून थेट छातीत उतरलं. "कॅप्टन, आत्ता लगेच नाही जमणार मला. इथे दोन नाटकं माझ्या भरवशावर उभी आहेत. ती मार्गी लागेपर्यंत मी सुट्टीच्या दिवशी गाडी पकडून येईन. मग सामान घेऊन येईन. अंधार काय, सगळ्याच गावांत होतो, आमचं काम कुठेही निघतं. पण हे मला त्या शनिवारीच सांगायचं होतं. तुम्ही विचारलंच नाहीत."

"आता विचारलं ना?"

"विचारलंत. म्हणून सांगतो. मलाही तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून. पडदा ओढून 'तुम्ही कोण' म्हणून डोळे वटारलेत ना, तेव्हा माझा खांदा दुखायचा थांबला होता. मग बराच वेळ आठवून-आठवून दुखवावा लागला."

"म्हणजे पहिल्यापासूनच नाटक?"

"नाट्यगृहातला माणूस आहे मी. पुढे या आता. बाकापाशी. आणि हलू नका."

मी हेडफोन ठेवला आणि रंगमंचाच्या मधोमध जाऊन उभी राहिले. अंधारात कुठेतरी बटण दाबल्याचा आवाज झाला. डावीकडून एक दिवा उजळला. पिवळसर, सकाळच्या उन्हासारखा. माझी सावली उजवीकडच्या फळ्यांवर लांबलचक पडली. मग उजवीकडून दुसरा, थोडा तांबूस. आणि डावीकडे दुसरी सावली उगवली.

दोन सूर्य. दोन सावल्या. बरोबर, जशा हव्यात तशा.

मी हात वर केला, दोघींनी केले. मी गिरकी घेतली, दोघी फिरल्या. रिकाम्या खुर्च्यांसमोर मी लहान मुलीसारखी नाचत होते आणि तो खालच्या वाटेनं पळत येत होता. धापा टाकत रंगमंचावर चढला, चढताना उजव्या हातावर भार दिला, आणि मी ओरडले, "अहो, तो हात नाही वापरायचा इतक्यात!"

"'अहो' पुरे झालं आता," तो म्हणाला. "टेबलावरून उतरलोय मी."

"बरं," मी म्हटलं. "मग हात दे... डावा."

त्यानं उजवाच दिला.

चार वाजून गेले होते. आम्ही बाकावर बसलो, त्याचा लॅपटॉप मांडीवर ठेवला आणि शेवटचा भाग लावला. कॅप्टन परत आली. यानातून उतरण्याआधी तिनं रेडिओवर हाक मारली, माळ्यानं धावत जाऊन बटण दाबलं, हिरवा दिवा लागला... माझी पुन्हा रडारड. दोघं टेकडीवर एकमेकांकडे धावत सुटली, डोक्यावर दोन-दोन सूर्य तळपत होते आणि पायाखाली —

"एकच!" तो किंचाळला. "बघ, बघ! शेवटच्या भागातसुद्धा प्रत्येकाला एकच!"

"जाऊ दे रे. मिठी मारतायत ते."

"मिठी मारू देत, पण सावल्या मोजून मारायला काय होतं?" मग त्याची नजर समोर, रंगमंचाच्या फळ्यांवर गेली. त्यानं बोटानं मोजलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. "थांब. आपण दोघं, दिवे दोन. चार दिसायला हव्यात. तीनच दिसतायत. भगदाड आहे कुठेतरी."

मी बघितलं. माझी एक कडेला होती, त्याची एक पलीकडच्या कडेला. आणि मधल्या दोन एकमेकींत इतक्या मिसळल्या होत्या, की कुठली कुणाची, ते कळत नव्हतं.

"भगदाड नाहीये," मी म्हटलं आणि त्याच्याकडे आणखी थोडी सरकले.